हवा सुटते कुठून?

राहुरी तालुक्यात माझ्या पिढीने पोहायला शिकताना पाठीला बांधलं ते वाळलेला भोपळा, पांगाऱ्याचा ओंडका, नाहीतर तोंड झाळून बंद केलेला तेलाचा पत्र्याचा डबा. पुढे ट्रॅक्टरची ट्यूब आली. चुलत्याने विहिरीच्या कठड्यावरून ढकलून दिलं तरी डबा वर आणणार, ही खात्री असायची. त्यामुळे पाण्यात घालायची कुठलीही वस्तू दिसली की आमच्याकडचा माणूस आधी विचारतो, "किती उचलतं?" स्कूबाच्या जाकिटाबद्दलही हाच प्रश्न येतो. माझं म्हणणं एवढंच, की जाकीट घेताना हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा.

ऑक्टोबर ते मे मी मालवण-तारकर्लीला लोकांना पाण्याखाली नेतो. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की घरी. घर मुळा धरणापासून फार लांब नाही, त्यामुळे तिथंही पाणी सुटत नाही. कुणाची विहिरीत पडलेली मोटर असते, कुणाचा फूटव्हॉल्व्ह, आणि नको असताना कधीतरी कुणाचा तरी मुलगा. खाऱ्या आणि गोड्या, दोन्ही पाण्यांत बरीच वर्षं गेली. भाड्याची, उसनी, फाटकी, परदेशातून आलेली, अशी नाना तऱ्हेची जाकिटं अंगावर चढली. हल्ली नगर, श्रीरामपूर, संगमनेरकडची पोरं कोर्स करून कार्ड घेऊन परत येतात आणि लगेच जाकिटाच्या किमती काढू लागतात. हे लिखाण त्यांच्यासाठी.

वस्तू आधी नीट बघून घेऊ. कागदावर तिला बीसीडी म्हणतात, मालवणात नुसतं जाकीट. बिनबाह्यांच्या बंडीसारखं असतं, पाठीमागे सिलिंडर अडकवायचा पट्टा, आत हवेची पिशवी. सिलिंडरमधून एक बारीक नळी या पिशवीत हवा आणते. डाव्या खांद्यावरून एक जाड, चुण्याचुण्यांची नळी खाली लोंबते, तिच्या टोकाला दोन बटणं. एक हवा भरायचं, दुसरं सोडायचं. त्याखेरीज उजव्या खांद्यावर आणि मागे कमरेपाशी हवा सोडायच्या झडपा असतात. झडपेला दोरी, दोरीच्या टोकाला प्लॅस्टिकची गोळी. दुकानात गिऱ्हाईक खिसे बघतं, रंग बघतं, भरायचं बटण दाबून बघतं. गोळीला कुणी हात लावत नाही.

तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. तिथल्या सरावाच्या तलावाची खोली ८ मीटर. घाटावरून आलेला पट्टीचा पोहणारा अशा तलावात उतरला की हमखास ओळखू येतो. हात मारतो, पाय मारतो, जाकिटात हवा भरतो, वर जायला लागला की सोडतो, मग पुन्हा भरतो. दहा मिनिटांत निम्मं सिलिंडर संपवतो. विहिरीत शिकलेल्या अंगाला थांबणं माहीतच नसतं. मला शिकवणारा मालवणी माणूस पाण्याबाहेर काढून एवढंच म्हणाला होता, "काय करू नको. नुसतो श्वास घे." सरळ आडवं व्हायचं, गुडघे थोडे वाकवायचे, हात पोटापाशी. श्वास आत घेतला की अंग वीतभर वर येतं, सोडला की तेवढंच खाली जातं. म्हणजे उचलायचं आणि उतरवायचं बारीक काम छाती करते. जाकिटाने फक्त ढोबळ हिशेब जुळवून द्यायचा. हे अंगात मुरायला मला एक अख्खा हंगाम लागला, आणि जाकिटाबद्दलची माझी सगळी मतं त्यातूनच बनली.

झाक-ईव कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागणीप्रमाणे हवा देणारी झडप बनवली १९४३ साली. त्यानंतरची बरीच वर्षं पाणबुडे जाकिटाशिवायच उतरत होते. कमरेला शिसं, पाठीवर सिलिंडर आणि स्वतःची छाती, बस्स. फ्रान्समधल्या मोरिस फेंझीची गळ्यात अडकवायची फुगवणी १९६१ च्या सुमाराची, आणि आजच्यासारखी अंगात घालायची जाकिटं आली त्याच्याही नंतर. त्या जुन्या लोकांचं चाललं कसं? वजनाचा हिशेब बिनचूक असल्यामुळे चाललं. आज जाकीट मोठं घेऊन आपण तो हिशेब टाळतो.

तो हिशेब असा. मालवणात सर्रास चालतो तो साधारण ११ लिटरचा ॲल्युमिनियमचा सिलिंडर. भरलेला असला की त्यात अडीच किलोच्या आसपास नुसती हवा असते. हवेला वजन असतं हे शाळेत वाचलेलं असतं, पण पाठीवर घेतल्याशिवाय पटत नाही. भरलेला सिलिंडर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पाऊण किलो जड भरतो. संपत आला की तोच दीड-दोन किलोने वर ओढू लागतो. म्हणजे शिसं बांधायचं ते उतरताना लागेल तेवढं नव्हे. शेवटी, रिकामा सिलिंडर वर ओढत असताना पाच मीटरवर शांत थांबता येईल, एवढं बांधायचं. साहजिकच सुरुवातीला आपण दोन-अडीच किलो जास्तीचे घेऊन उतरतो. त्यात ३ मिलिमीटरचा सूट असेल तर तो खाली दबतो आणि त्याची वर ओढायची ताकद कमी होते, म्हणजे अजून दीड-दोन किलोची भर. या दोन्हींची भरपाई जाकिटाने करायची. बेरीज साडेचार किलोच्या पुढे जात नाही. वर आल्यावर डोकं पाण्याबाहेर ठेवायला आणखी चार-पाच किलो धरा. कोकणच्या कोमट पाण्यात दहा किलो उचल असली तरी काम भागतं, तेरा-पंधरा म्हणजे चैन. दुकानातलं मधल्या मापाचं जाकीट सहसा पंधरा ते वीस किलो उचलणारं असतं. तरी लोक अजून मोठं मागतात.

मोठं घेतलं तर बिघडलं काय? एक तर पिशवी मोठी, त्यामुळे पाण्यात अडसर जास्त, पाय जास्त मारावे लागतात, हवा लवकर संपते. पण खरं दुखणं वेगळंच आहे. मोठ्या पिशवीत थोडी हवा असली की ती डुचमळते. डावीकडे कललात की सगळी डावीकडे, डोकं खाली केलं की सगळी कमरेपाशी. शिवाय खोलीबरोबर हवेचं आकारमान बदलतं. १० मीटरवर दाब दुप्पट असतो. तिथं पिशवीत भरलेली हवा तुम्ही वर सरकाल तशी फुगत जाते आणि पृष्ठभागावर दुप्पट होते. शिसं गरजेपेक्षा जास्त, म्हणून हवा जास्त, म्हणून थोडं वर सरकलं तरी फुगवटा जास्त. ज्याच्या कमरेला चार किलो फाजील शिसं आहे, त्याच्या जाकिटात चार लिटर फाजील हवा कायम खेळत असते. मोठी पिशवी ही चूक पोटात घालते, म्हणून माणूस ती वर्षानुवर्षं दुरुस्त करत नाही.

पर्यटकांना पाण्यात नेताना हे दररोज दिसतं. मालवणला येणारे बहुतेक जण कोर्स केलेले नसतात. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूला चार-सहा मीटर पाण्यात त्यांना आम्ही मागून सिलिंडरला धरून नेतो, आणि त्यांच्या जाकिटाची बटणं आमच्या हातात असतात. म्हणजे एका वेळी दोन जाकिटं चालवायची. एकदा नेवाशाकडचे एक काका आले होते, अंगाने भरलेले, पोट सुटलेलं. बोटीवर त्यांच्या मापाचं जाकीट नव्हतं, म्हणून होतं ते कसंबसं चढवलं. बोटीवर घट्ट वाटलं. पाण्यात हवा भरली, तेव्हा पोटपट्टा वर सरकला, जाकीट कानापर्यंत गेलं आणि काकांची हनुवटी कॉलरमध्ये अडकली. चेहरा पाण्याबाहेर, पण श्वास कोंडलेला. घाबरले. हवा कमी करून, पट्टा खाली ओढून, उताणं झोपवून त्यांना बोटीशी आणलं. वर आल्यावर म्हणाले, "दादा, ह्यानंच बुडालो असतो की." त्यांच्या पाठोपाठ त्याच बोटीवर कॉलेजची एक किडकिडीत पोरगी होती. तिला मोठं जाकीट. तिचा सिलिंडर पाठीवर ठरेना, डावीकडे लोंबायचा, आणि पाण्यात गेली की ती कुशीवर वळायची. दोघांनाही उचल भरपूर होती.

म्हणून माझ्या लेखी माप पहिलं. दुकानात जाकीट टी-शर्टवर घालून बघू नका, सूट घेऊन जा. सगळे पट्टे लावा. हवा पूर्ण भरा, इतकी की जादा हवा झडपेतून फुर्रकन निघून जाईल. आता खोल श्वास घ्या. छाती आवळली जाते का? काही जाकिटं पूर्ण फुगली की बरगड्या दाबतात, आणि वर आल्यावर दमलेल्या माणसाला नेमका तेव्हाच श्वास हवा असतो. मग दुकानदाराला म्हणा, खांदे धरून वर उचल. जाकीट दोन-तीन बोटं वर सरकलं तर चालेल, कानाला लागलं तर परत ठेवा. शक्य असेल तर त्यावर सिलिंडर बांधून ओणवं व्हा. सिलिंडरचं डोकं मानेला आपटत असेल किंवा ढुंगणाला बूड लागत असेल, तर पट्ट्याची जागा बदलते का ते बघा.

पाठीमागेच पिशवी असलेलं घ्यावं की अंगाभोवती फुगणारं, यावर मालवणच्या बोटींवर निवडणुकीसारखे वाद होतात. दोन्ही वापरून झाल्यावर माझं मत असं: पाण्याखाली पाठीमागची पिशवी सरस. अंग आपसूक आडवं राहतं, छाती मोकळी, पुढे अडकायला काही नाही. वर आल्यावर मात्र ती पुढे ढकलते. फार फुगवली तर तोंड पाण्याकडे होतं, म्हणून गरजेपुरतीच फुगवून थोडं मागे रेलावं लागतं. नवख्याला हे सांगूनही ऐनवेळी आठवत नाही. अंगाभोवतीचं जाकीट वर आल्यावर उभं धरतं, म्हणून पर्यटकांच्या बोटीवर तेच बरं. ज्याला पुढे वर्षानुवर्षं डाइव्ह करायच्या आहेत त्याने पहिल्या दोन हंगामांनंतर पाठीमागची पिशवी, धातूची पाटी आणि एकसंध पट्टा हा संच वापरून बघावा. दिसायला अगदी साधा, खिसेबिसे नसतात, म्हणून गिऱ्हाइकाला तो महाग वाटतो. पण पट्टा झिजला तर पट्टाच बदलायचा, पिशवी फुटली तर पिशवीच. जाकिटाची एक शिवण गेली की सगळं जाकीट जातं.

आता ती गोळी. ओळखीतल्या एका डायव्हरची गोष्ट. भाड्याचं जाकीट, हंगाम संपत आलेला. साधारण दहा मीटरवर त्याने भरायचं बटण एकदा टिचकी मारल्यासारखं दाबलं, आणि ते परत आलंच नाही. आतल्या बारीक झडपेत मिठाचे कण आणि वाळू बसली की असं होतं. जाकीट आपोआप फुगायला लागलं. डावा हात वर करून त्याने सोडायचं बटण दाबलं, पण येणारी हवा जाणाऱ्या हवेला पुरून उरत होती. मी तीनेक मीटर बाजूला होतो. मला दिसलं ते एवढंच, की त्याचा उजवा हात न शोधता थेट मागे कमरेकडे गेला, ढुंगण वर झालं, डोकं खाली, आणि गोळी ओढल्याबरोबर बुडबुड्यांचा लोट निघाला. तोवर डाव्या हाताने त्याने बारीक नळीची कडी मागे खेचून ती काढून टाकली होती. दोन मीटरभर वर गेला असेल, तेवढ्यातच थांबला. सगळा वेळ तो श्वास सोडत होता, कारण वर जाताना छातीतली हवाही फुगते आणि श्वास रोखला तर फुप्फुस फाटू शकतं.

हे तो शिकला होता म्हणून जमलं, हे खरं. पण त्या जाकिटाची मागची गोळी मोठी होती, दोरी पट्ट्याखाली दडलेली नव्हती आणि नळीची कडी जाड मोज्यातही धरता येईल अशी होती. नंतर मी कित्येक महागडी जाकिटं पाहिली ज्यांची मागची दोरी सुबक दिसावी म्हणून कापडाच्या घडीत लपवलेली आहे. दुकानात जाकीट घाला, डोळे मिटा आणि कुणाला तरी म्हणा, "आता." एका हालचालीत मागची गोळी सापडली पाहिजे, खांद्यावरची सापडली पाहिजे, नळी सुटली पाहिजे. चाचपावं लागलं तर ते जाकीट तुमचं नाही. हवा कायम वर चढते, म्हणून सोडायचं तोंड सगळ्यात उंच हवं. उभे असाल तर डाव्या हातातली नळी, डोकं खाली असेल तर कमरेची झडप. कुठल्या स्थितीत कुठलं तोंड, हे जाकीट घेतानाच हाताला कळलं पाहिजे.

गोड्या पाण्याचा प्रकार निराळा. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा अडीच टक्क्यांनी जड. साहित्यासकट शंभर किलोच्या आसपास भरणाऱ्या माणसाला मुळा धरणात समुद्रापेक्षा दोन-अडीच किलो शिसं कमी लागतं. मालवणचा पट्टा तसाच बांधून धरणात उतरला की माणूस थेट गाळात जाऊन बसतो, आणि आमच्या धरणांचा गाळ एकदा उठला की तासभर बसत नाही. समोर धरलेली बोटं दिसत नाहीत. अशा पाण्यात जाकिटाला लोंबणारं काहीही नको. मुळा धरणाच्या पाण्याखाली जुन्या बाभळी आहेत, मासेमारीची तुटलेली जाळी आहेत. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळं टाकणारी माणसं सांगतात तिथं नक्की काहीतरी अडकलेलं असतं. समुद्रात दिमाखात मिरवलेल्या कड्या, क्लिपा, टॉर्चच्या दोऱ्या इथं एकेक करून जाळ्यात गुंततात. मी पट्ट्यांची जादा शेपटं रबरी कड्यांत कोंबतो, मोठा खिसा रिकामा ठेवतो, आणि उजव्या हाताला पोचेल अशा जागी छातीवर कात्री. सुरी नको, नायलॉनचं जाळं सुरीने ओढलं जातं, कापलं जात नाही.

भंडारदऱ्याला अजून एक बाब. तिथलं विल्सन धरण १९२६ मध्ये पुरं झालं. तिथलं पाणी समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या जवळपास उंचीवर आहे. ३०० मीटरच्या वरच्या पाण्यात उतरलं की पाण्याखाली किती वेळ राहायचं त्याचे तक्ते बदलतात. वर हवेचा दाब कमी असतो, त्यामुळे तीच खोली शरीराला जास्त जाचते. मनगटावरचं यंत्र उंचीचा हिशेब करतं की नाही ते बघून घ्या. आणि मालवणला दिवसभर डाइव्ह करून संध्याकाळी आंबोलीमार्गे नगरकडे गाडी हाणू नका. घाटमाथा ७०० मीटरच्या घरात, आणि खुद्द नगरही साडेसहाशेच्या आसपास. एकापेक्षा जास्त डाइव्ह केल्यावर विमानात बसायला १८ तास थांबतात, तोच नियम या घाटाला लावा. एक रात्र खाली काढा, तेवढेच मासे खाऊन होतात.

विहिरींचं सांगायला हवं, कारण सगळ्यात धोक्याचा उद्योग तिथं चालतो. मोटरीची साखळी तुटली, मोटर तळाला गेली. गावातल्या कुणीतरी स्कूबा शिकलेलं पोरगं आहे म्हणताच त्याला बोलावतात. अशाच एका पोराने मोटर जाकिटाला बांधली आणि हवा भरायला घेतली. मोटर हलली, पण शेवाळलेल्या पाइपावरून गाठ निसटली. आता जाकिटात जी हवा मोटरीसाठी भरली होती, ती सगळी त्याच्या एकट्याच्या वाट्याला. बाणासारखा वर आला आणि कठड्याखालच्या लोखंडी खांबाला खांदा आपटला. विहीर अरुंद असते, वर पाइप, वायरी, खांब. डोकं आपटलं असतं तर संपलंच होतं. जाकीट फक्त माणसाचं वजन सांभाळण्यासाठी असतं. मोटरीला दोर बांधा, वर या, बाहेर या आणि मग चेनपुलीने ओढा. जाकिटावर वीस किलो उचल लिहिलेली असली तरी ती मोटरीसाठी लिहिलेली नाही.

दोनेक वर्षांपूर्वी धरणाकाठच्या एका गावचे सरपंच भेटले. गावात बचावपथक करायचं, त्यासाठी चार बीसीडी घ्यायच्या, कोटेशन काढून द्या म्हणाले. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगाव बुद्रुकजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले. तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात नदीकाठचं प्रत्येक गाव या विषयावर बोलतं. सरपंचांची तळमळ खरी होती. मी त्यांना बीसीडी घेऊ दिल्या नाहीत. बीसीडी हे बचावाचं साधन नाही. ती रिकामीही होते, बेशुद्ध माणसाचं तोंड वर ठेवण्याची हमी देत नाही आणि शिकलेल्या माणसाशिवाय निरुपयोगी आहे. लाइफ जॅकेटचं काम एकच असतं, ते वर ठेवतं. चांगल्या लाइफ जॅकेटवर १०० किंवा १५० न्यूटन असा आकडा छापलेला असतो, त्याला गळ्यामागे फुगीर कॉलर असते आणि ते माणसाला उताणं करतं. नुसतं ५० न्यूटन लिहिलेलं असेल तर ते शुद्धीत असलेल्या पोहणाऱ्यासाठी, काठाजवळच्या पाण्यासाठी.

बंधाऱ्याखालच्या फेसाळ पाण्यात तर कुठल्याच जाकिटावर भिस्त ठेवता येत नाही. पाण्यात हवा मिसळलेली असते, म्हणून ते माणसाला कमी उचलतं, आणि वरून पडणारं पाणी पुन्हा भिंतीकडे खेचतं. तिथं माणूस उतरवायचाच नाही, काठावरून दोर फेकायचा. म्हणून सरपंचांना म्हटलं, लाइफ जॅकेटं घ्या, फेकायच्या दोऱ्यांच्या पिशव्या घ्या, आणि पोरांना महिन्यातून एकदा दोर फेकायला लावा. त्यांना ते थोडं फिकं वाटलं. बीसीडीचा फोटो पेपरात चांगला आला असता.

किमतीचं थोडक्यात. बरं जाकीट तीस-चाळीस हजारांना सहज जातं. पुण्या-मुंबईत किंवा गोव्यात त्याच कंपनीच्या झडपा आणि नळ्या मिळतात का, ते आधी विचारा. जुनं घेणार असाल तर पूर्ण फुगवून रात्रभर ठेवा, सकाळी तेवढंच फुगलेलं हवं. मग पाण्याच्या टाकीत दाबून शिवणींवर आणि झडपांवर बुडबुडे बघा. प्रत्येक डाइव्हनंतर आतून गोड्या पाण्याने धुवा, तोंडाने फुगवा, हलवा, उलटं करून सगळं पाणी काढा. आमच्याकडची पोरं हे घरच्या बोअरच्या पाण्याने करतात. आमच्या बोअरचं पाणी इतकं क्षाराचं, की समुद्राचं मीठ निघतं आणि झडपेत चुना बसतो. पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, नाहीतर विहिरीचं गाळून. वाळवायचं सावलीत, ठेवायचं अर्धं फुगवून, म्हणजे पिशवी आतून चिकटत नाही.

एवढं वाचून जाकीट घ्यायला निघालेल्यांना एकच विनंती. आधी भाड्याच्या जाकिटात ही परीक्षा द्या. सिलिंडरमध्ये ५० बार शिल्लक असताना, पृष्ठभागावर, जाकीट पूर्ण रिकामं करून, पाय न हलवता, नेहमीएवढा श्वास धरून उभे राहा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यायला हवं. श्वास सोडला की सावकाश खाली जायला हवं. डोकं बाहेर राहिलं तर शिसं कमी आहे, दगडासारखे गेलात तर जास्त. शिसं एकेक किलोने कमी-जास्त करून ते जुळेपर्यंत हेच करत राहा, धरणात उतरायचं असेल तर तिथं पुन्हा नव्याने करा. ज्याचं हे जुळलेलं नाही त्याने स्वतःचं जाकीट घेऊ नये. त्या पैशांत भाड्याच्या जाकिटात अजून एक पूर्ण हंगाम होतो.